ग्रीन कार्ड म्हणजे मंगळसूत्र नव्हे



एरवी मी इथे शाळेतल्या गमतीजमती लिहितो, कधी जुन्या मास्तरांवर लिहितो, कधी परसातल्या झाडांवर. आज भांडायला बसलोय. आणि भांडण परक्यांशी नाही, आमच्याच गोतावळ्याशी आहे. हे पान आमच्या घरातली निम्मी माणसं वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितोय.

भांडण एका वाक्याशी आहे. "घटस्फोट घेतलास तर ग्रीन कार्ड जाईल."

ज्यांची मुलगी, भाची, पुतणी अमेरिकेत दिली आहे अशा बहुतेक घरांत हे वाक्य ऐकू येतं. सूर्य पूर्वेला उगवतो हे जितक्या खात्रीने सांगावं तितक्या खात्रीने सांगितलं जातं. मीसुद्धा सांगितलं आहे. एकदा नाही, तीनदा. आणि ते चूक आहे.

माझ्या सर्वांत धाकट्या बहिणीची मुलगी, माझी भाची, न्यू जर्सीत असते. (हे लिहू का म्हणून तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही मामा. पण माझं नाव नको. आणि 'बिचारी' असं कुठेही लिहू नकोस." तेव्हा तो शब्द या लेखात पुन्हा येणार नाही.) २०२१ च्या फेब्रुवारीत तिचं लग्न झालं. करोनामुळे मोजकीच माणसं होती, पण मामा होता. नवरीला बोहल्यावर मामा आणतो, तशी मीच तिला हात धरून आणली. मुलगा अमेरिकेचा नागरिक. त्याने तिच्यासाठी अर्ज केला, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली, आणि २०२२ च्या डिसेंबरात ही तिकडे पोचली. व्हिसा आला त्या दिवशी बहिणीने साताऱ्यात सगळ्या गल्लीला पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

२०२३ च्या दिवाळीत, पाडव्याला, पहाटे साडेपाचला तिचा फोन आला. तिचा पगार नवऱ्याच्या खात्यात जमा होत होता. पासपोर्ट आणि कार्ड त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्याकडे. कोणाशी किती वेळ बोलायचं हेही तोच ठरवायचा. त्या आठवड्यात त्याने हात उचलला होता. आणि रोजचं पालुपद एकच, "मी एक फोन केला की तुझं कार्ड रद्द. मग बस साताऱ्यात जाऊन."

आईवडिलांना सांगायचा धीर झाला नाही म्हणून तिने मामाला फोन केला होता. आणि मामाने काय सांगावं? मी म्हणालो, "बाळ, आणखी एक वर्ष काढ. पक्कं कार्ड हातात येऊ दे, मग बघू. आत्ता काही केलंस तर होतं नव्हतं ते सगळं जाईल."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं मामा."

ते "बरं मामा" मला अजून झोपू देत नाही.

दोन महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, ती त्या घरातून बाहेर पडली. आमच्यापैकी कोणालाही न विचारता. विचारलं असतं तर आम्ही तिला परत आत ढकललं असतं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने तिला वकिलाकडे नेलं, आणि त्या वकिलाने पहिल्या अर्ध्या तासात जे सांगितलं ते इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकानेही कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. आम्ही एकमेकांना विचारत होतो, आणि एकमेकांचं अज्ञान एकमेकांना परत देत होतो.

मग लाज वाटून मी वाचायला बसलो. मी मराठी माध्यमाचा बी.ए., इंग्रजी तर्खडकरी. उजव्या हाताला शब्दकोश, डाव्या हाताला चहा, आणि समोर अमेरिकन सरकारची पानं. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण छत्तीस वर्षं वर्गात "आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" असं ओरडणाऱ्या माणसाने स्वतः प्रश्न वाचलाच नव्हता, एवढं पहिल्याच संध्याकाळी कळलं.

तर जे समजलं ते सांगतो. थोडं शाळेसारखं होईल, सांभाळून घ्या.

नागरिकाशी लग्न करून जे कायम वास्तव्याचं कार्ड मिळतं ते दोन तऱ्हेचं असतं. ज्या दिवशी वास्तव्य मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झालेली असतील तर दहा वर्षांचं कार्ड मिळतं. दोन वर्षं व्हायची असतील तर दोनच वर्षांचं, सशर्त कार्ड मिळतं. माझ्या भाचीच्या लग्नाला ती पोचली तेव्हा बावीस महिने झाले होते. म्हणजे तिचं कार्ड दोन वर्षांचं.

दहा वर्षांच्या कार्डाचं उत्तर सोपं आहे. घटस्फोटाने त्याला काही होत नाही. लग्न खोटं होतं असं कोणी सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. पण खरं लग्न मोडलं म्हणून कार्ड जात नाही. मुदत संपली की नवं करून घेण्याचा अर्ज, आय-९०, ती एकटी भरते. त्यावर नवऱ्याची सही लागत नाही. माहेरचं नाव परत लावायचं असेल तर तेही याच अर्जाने होतं.

दोन वर्षांच्या कार्डाचं थोडं अवघड आहे, पण आपण समजतो तसं नाही. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवराबायकोने मिळून आय-७५१ नावाचा अर्ज करायचा, म्हणजे 'सशर्त' हा शब्द निघून जातो. आमच्या घरातल्या सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं. "मिळून करायचा" हे शब्द ऐकले आणि आम्ही पुस्तक मिटलं. पुढचं पान कोणी उलटलंच नाही. पुढच्या पानावर लिहिलं आहे की लग्न सचोटीने केलं होतं पण घटस्फोट झाला, तर हाच अर्ज तिला एकटीला करता येतो. नवऱ्याने मारहाण केली किंवा अतोनात छळ केला असेल तर घटस्फोटाचीही वाट बघावी लागत नाही, लग्न कागदोपत्री चालू असतानाही एकटीचा अर्ज चालतो. परत पाठवल्यास तिच्यावर पराकोटीचं संकट येईल, असंही एक कारण आहे. आणि एकटीच्या अर्जाला ते ९० दिवसांचं बंधनही नाही. आधीही करता येतो.

आता गंमत बघा. (गंमत कसली, पण असो.) सरकार तिला काय विचारतं? लग्न टिकलं का, असं विचारत नाही. केलं तेव्हा खरं होतं का, असं विचारतं. व्याकरण शिकवलेल्या माणसाला हा फरक लगेच दिसायला हवा होता. प्रश्न भूतकाळातला आहे. उत्तरादाखल घरभाड्याचा दोघांच्या नावाचा करार, एकत्र बँकखातं, एकत्र भरलेला कर, विमा, लग्नाचे आणि नंतरचे फोटो, ओळखीच्यांची शपथपत्रं, असे कागद लावायचे. माझ्या भाचीच्या अर्जाला लावलेल्या फोटोंत एक माझा आहे. मी तिला बोहल्याकडे घेऊन चाललोय तो. तेवढाच काय तो माझा उपयोग झाला.

ही सोय कुठून आली हेही सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे. दोन वर्षांचं सशर्त कार्ड ही भानगड १९८६ च्या कायद्याने आली. खोटी लग्नं रोखायची म्हणून. तेव्हा सुटकेच्या वाटा फार अरुंद होत्या. घटस्फोटाच्या कारणावर सवलत हवी तर लग्न त्या परदेशी जोडीदारानेच, आणि सबळ कारणाने, मोडलेलं असायला हवं होतं. नवऱ्याने आधी काडीमोड घेतला की बाईची ती वाट बंद. झालं काय, की कार्डाची दोरी नवऱ्याच्या हातात गेली, आणि मार खाऊनही बायका घर सोडेनात. १९९० साली हा कायदा बदलला. लग्न कोणी मोडलं हा प्रश्नच काढून टाकला, आणि छळ झालेल्या जोडीदारासाठी वेगळं कलम घातलं. १९९४ साली आणखी एक कायदा झाला. नागरिक किंवा कार्डधारक नवरा छळ करतो आणि मुद्दाम अर्जही करत नाही, अशा बाईला स्वतःचा अर्ज स्वतः करता येऊ लागला. त्याची खबर नवऱ्याला द्यायची नाही, असं सरकारी माणसांवर बंधन आहे.

म्हणजे "कार्डासाठी बाईला मार खायला लावू नये" हे अमेरिकेच्या संसदेला १९९० साली समजलं. आमच्या साताऱ्याच्या घराला, ज्यात दोन मास्तर, एक बँकेतले निवृत्त अधिकारी आणि एक इंजिनिअर आहेत, ते २०२३ सालीही समजलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय वेडे आहोत का? काहीतरी ऐकलं म्हणूनच बोललो ना? बरोबर आहे, ऐकलं होतं. पण दुसऱ्याच कोणाचं ऐकलं होतं. आपल्याकडच्या पुष्कळ मुली एच-४ व्हिसावर जातात. तो नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला बांधलेला असतो. घटस्फोट झाला की एच-४ चा आधार खरोखरच जातो. तिला दुसरा काहीतरी व्हिसा शोधावा लागतो किंवा परत यावं लागतं. तसंच, कार्ड अजून मिळालेलंच नाही, नवऱ्यामुळे केलेला अर्ज नुसता पडून आहे, आणि मध्येच घटस्फोट झाला, तर तो अर्ज सहसा बारगळतो. या गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या ओळखीतल्या एका सुनेचं एच-४ असताना असंच झालं होतं. ती गोष्ट आम्ही उचलली आणि सरसकट सगळ्यांना लावली. व्हिसा वेगळा, अर्ज वेगळा, हातात आलेलं कार्ड वेगळं. नवऱ्याच्या नोकरीमुळे कुटुंबाला ग्रीन कार्ड मिळालं असेल तरी बायकोचं कार्ड तिचंच. एकदा मिळालं की पुढचा घटस्फोट त्याला शिवत नाही. तापावरचं औषध पोटदुखीला देऊ नये, एवढं आपल्याला कळतं. मग हे का कळू नये?

दुसरं वाक्य माझ्या मेव्हण्यांचं. ते वाचतीलच, वाचू देत. "तीन वर्षं कशीबशी काढ, सिटिझन हो, मग काय वाटेल ते कर." याचाही हिशेब मांडून बघू. कायम वास्तव्य मिळाल्यापासून पाच वर्षांनी कोणीही नागरिकत्वाचा अर्ज करू शकतं, लग्न असो वा नसो. नागरिक जोडीदाराबरोबर खरोखर संसार चालू असेल तर तीन वर्षांनी करता येतो. म्हणजे आम्ही तिला ज्या बक्षिसासाठी राहा म्हणत होतो ते बक्षीस होतं दोन वर्षांची सूट! दोन वर्षं आधी शपथ घेता यावी म्हणून दोन वर्षं मार खा. शाळेत असं गणित कोणी सोडवलं असतं तर मी वही भिरकावली असती.

तिसरी धमकी त्या गृहस्थाची. "मी माझी सही मागे घेतो, मग कशी राहतेस बघतो." तर या सहीचं असं आहे. नागरिक जोडीदार जेव्हा बोलावतो तेव्हा तो आय-८६४ नावाचं एक पत्र सरकारला लिहून देतो, की या व्यक्तीला मी गरिबीच्या ठरलेल्या रेषेच्या १२५ टक्क्यांपर्यंत आधार देईन. कार्ड मिळालं की ती सही मागे घेता येत नाही. घटस्फोट झाला तरी ती जबाबदारी संपत नाही. ती नागरिक झाली, किंवा कामाच्या ४० तिमाह्या भरल्या, किंवा तिने देश कायमचा सोडला, किंवा दोघांपैकी कोणी वारलं, तरच संपते. सप्तपदीतली वचनं कोर्टात सुटतात, पण आय-८६४ वरची सही सुटत नाही. मला हे वाचून पहिल्यांदा हसू आलं त्या संध्याकाळी. आणि त्याच्या त्या 'एका फोन'ने काय होतं? खोटं लग्न होतं अशी तक्रार तो करू शकतो, आणि ती तपासली जाऊ शकते. पण कार्ड रद्द करणं हे त्याच्या हातात नाही, आणि तिला देशाबाहेर काढायचं तर प्रकरण न्यायाधीशासमोर जावं लागतं. तिथे तिलाही तोंड आहे.

मग कार्ड जातं कशाने? जातंच नाही असं मी म्हणत नाही. जातं, आणि पुष्कळदा आपल्या प्रेमाने जातं. माझ्या बहिणीने तिला जानेवारीतच सांगितलं, "तू आधी घरी ये. वर्षभर राहा. मन शांत होऊ दे, मग बघू." आईचं मन, दुसरं काय सांगणार? पण मंडळी, खरा खड्डा हाच आहे. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की परतताना प्रश्न सुरू होतात आणि नागरिकत्वासाठीच्या वर्षांची मोजणीही अडचणीत येते. आधी परवानगी न काढता एक वर्षाहून जास्त राहिलं तर नुसतं कार्ड दाखवून परत आत जाता येत नाही. तू तिकडचं राहणं सोडलंस असं धरलं जाऊ शकतं. ती परवानगीही तिथे असतानाच मागावी लागते, इथे आल्यावर नाही. त्यात दोन वर्षांच्या कार्डावर छापलेली तारीख. त्या तारखेपर्यंत काहीच अर्ज केला नाही तर सशर्त वास्तव्य आपोआप संपतं. नवऱ्याने काही करावं लागत नाही, न्यायाधीशाने काही करावं लागत नाही. माहेरच्या झोपाळ्यावर बसल्याबसल्या संपतं.

आणि काही नवरे हे ओळखून असतात. सुट्टीला म्हणून बायकोला भारतात आणायचं, पासपोर्ट आणि कार्ड घेऊन एकट्याने परत जायचं, आणि वर्षभर फोन उचलायचा नाही. असं कोणाचं झालं असेल तर रडत बसू नका. पासपोर्ट नेल्याची पोलिसांत तक्रार द्या, दुसरा पासपोर्ट काढा. अमेरिकन वकिलातीत आय-१३१ए असा एक अर्ज आहे. थोड्या दिवसांसाठी बाहेर आलेल्या माणसाचं कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं असेल, तर वर्षाच्या आत त्यावर विमानात बसण्यापुरता कागद मिळू शकतो. आणि कार्ड आपण होऊन सोडून देण्याचा आय-४०७ हा अर्ज कोणी पुढे केला तर न वाचता, वकिलाला न विचारता सही करू नका. सासऱ्यांनी सांगितलं म्हणून नको, अधिकाऱ्याने घाई केली म्हणूनही नको.

चौथं वाक्य आमच्या काकांचं होतं, "तिकडचा घटस्फोट इथे चालत नाही." हेही अर्धंच खरं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वाय. नरसिंह राव यांच्या खटल्यात मिसुरीतल्या कोर्टाचा एक घटस्फोट अमान्य केला होता. तो नवऱ्याने बायकोच्या गैरहजेरीत, आपल्या हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर मिळवलेला होता. पण त्याच निकालात हेही आहे, की दुसऱ्या बाजूने आपणहोऊन तिथल्या कोर्टात हजर राहून संमती दिली असेल तर तसा निकाल मानता येतो. माझी भाची स्वतः हजर होती, तिची संमती होती. आणि कार्डाच्या अर्जाला तर तिथल्याच कोर्टाचा निकाल लागतो.

आता सगळ्यात अवघड भाग. इथपर्यंत वाचून "खरंच की, आम्हाला माहीतच नव्हतं" असं म्हणून तुम्ही सुटाल. मी सुटू देणार नाही, स्वतःलाही नाही.

आम्हाला माहीत नव्हतं हे खरं. पण आम्ही माहीत का करून घेतलं नाही? ज्या घरात फ्रिज घेताना चार दुकानं फिरतात, त्या घरातल्या एकालाही पोरीच्या आयुष्याचा नियम वाचावासा का वाटला नाही? कारण तो नियम आमच्या सोयीचा होता. नागरिक झाल्याशिवाय तिला आईवडिलांना बोलावता येत नाही, भावाला बोलावता येत नाही. माझा भाचा, तिचा धाकटा भाऊ, इथे नोकरीला कंटाळलेला आहे. भावंडांच्या रांगेत भारतीयांना दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं, तरीही रांगेत नंबर तर लागेल, असं बोलणं आमच्या ओटीवर झालेलं मी ऐकलं आहे. ऐकलं म्हणजे काय, मान डोलावली आहे. आम्ही "सोस" म्हणत होतो तेव्हा तिच्या खांद्यावर शिडी टेकवलेली होती, आणि वर चढायला कोण कोण उभं होतं ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

आणि पेढे? ते परत कसे मागायचे, हीसुद्धा चिंता होतीच.

काही आक्षेप आहेत, त्यांनाही उत्तर देतो.

"कार्डासाठीच लग्न केलं असं लोक म्हणतील." म्हणू देत. कार्डासाठी खोटं लग्न करणं हा तिकडे गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. तशांची वकिली मी करत नाही. पण जिने खरं लग्न केलं तिने लोकांच्या जिभेसाठी खोटा संसार का करावा? मला विचाराल तर खोटेपणा तोच.

"मग तिथे राहायचंच कशाला? आपला देश काय वाईट आहे?" वाईट नाहीच. पण हे तिला २०२२ साली विमानतळावर का नाही सांगितलं? तेव्हा तर हार घातले होते. आज तिची तिथे नोकरी आहे, भाड्याची का होईना खोली आहे, तिथे तिने बर्फात गाडी चालवायला शिकून घेतलं आहे. याच जागी मुलगा असता, अमेरिकन बायकोपासून वेगळा झालेला, तर "परत ये" असं कोणी म्हटलं असतं का? नियम तर दोघांना सारखाच आहे. यावंसं वाटलं तर ती येईल, घर तिचंच आहे. पण ते तिने ठरवायचं, तेही कागद जागेवर ठेवून.

"तुम्ही मास्तर, घर मोडायला शिकवता?" नाही. ज्यांचं भांडण मिटण्यासारखं आहे त्यांनी जरूर मिटवावं. माझा विरोध घटस्फोट टाळण्याला नाही, भीती घालून टाळण्याला आहे. आणि ती भीतीही खोटी!

तेव्हा उद्या कोणाच्या घरी पहाटे साडेपाचला असा फोन आलाच, तर माझ्यासारखं करू नका. आधी विचारा, तू आत्ता सुरक्षित आहेस का, जेवलीस का. मग विचारा, पासपोर्ट आणि कार्ड कुठे आहे, कार्डावर तारीख कोणती आहे. फोटो काढून ठेव, घरभाड्याच्या करारापासून पगाराच्या चिठ्ठीपर्यंत सगळ्याच्या प्रती काढून ठेव, असं सांगा. आणि वकिलाकडे जा म्हणावं. तिच्या स्वतःच्या, नवऱ्याच्या ओळखीतल्या नव्हे, आणि स्थलांतराच्या कायद्यातल्या. न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांसाठी 'मानवी' नावाची संस्था १९८५ पासून काम करते आहे. अशा संस्था इतरत्रही आहेत. नियम बदलत असतात, म्हणून माझ्या या लेखावरही विसंबू नका. तारीख बघा, आणि विचारा. पण नातेवाइकांना नका विचारू.

भाचीचा घटस्फोट २०२४ च्या ऑक्टोबरात झाला. नोव्हेंबरात, कार्डाची मुदत संपायच्या आधी, तिने एकटीने अर्ज केला. त्याचा निकाल अजून यायचा आहे. निकाल लागेपर्यंत तिचं वास्तव्य कायदेशीर आहे, ती कामावर जाते आहे. पगार तिच्या खात्यात जमा होतो. ते खातं तिने स्वतः जाऊन उघडलं.

मी तिची माफी मागितली, फोनवर, मागच्या महिन्यात. शब्द जुळवून ठेवले होते, पण ऐन वेळी सगळे विसरलो. "तेव्हा मी चुकलो गं," एवढंच म्हणालो.

ती म्हणाली, "बरं मामा. तुझं बीपी कसं आहे?"